लंडनला जायचं, पण उतरायचं कुठे?

गावाला निघालेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘उतरणार कुठे?’ किती दिवसांसाठी, काय काय बघणार, हे सगळं नंतर. पुण्याला आत्या, मुंबईला मामा, इंदूरला काकूचं माहेर. आम्हा वडोदऱ्याच्या मराठी मंडळींचा बराचसा प्रवास असा नातेवाइकांच्या घरून घरी होतो. हॉटेलात उतरलो असं नुसतं कानावर गेलं तरी आत्या वर्षभर टोमणे मारते.

गेल्या जुलैत धाकट्या भावाचा लंडनला पदवीदान समारंभ होता. भाऊ तिथेच राहतो, पण चार मुलांच्या सामायिक घरातल्या एका खोलीत. तिथे त्याची सुटकेस उघडायची तर आधी खुर्ची पलंगावर ठेवावी लागते. म्हणजे आम्हाला हॉटेल शोधणं भाग होतं. आई, बाबा, मी, माझा नवरा आणि नऊ वर्षांची लेक असे पाच जण, सात रात्री. शोधाशोधीचं काम घरात माझ्याकडे आलं. दोन महिने रात्री जेवणं झाली की मी मोबाईल घेऊन बसायचे. त्यातून जे कळलं ते तुमच्यापैकी आई-बाबांना घेऊन परदेशी जायच्या बेतात असलेल्यांना उपयोगी पडेल, म्हणून लिहिते आहे.

आधी माणसं, मग हॉटेल

हॉटेलांची साइट उघडली की ती आधी विचारते, किती तारे, किती पैसे. मी ती बंद केली आणि वहीत घरातल्या माणसांची यादी केली.

आईचे गुडघे. सपाटीवर ती माझ्यापेक्षा जास्त चालते, जिना मात्र एकेक पायरी. बाबांना पहाटे साडेचारला चहा लागतो आणि त्यानंतर अर्ध्या तासाने गोळ्या, त्यासाठी पोटात काहीतरी हवं. लेकीला भूक लागली की तेव्हाच लागते. आई-बाबा शाकाहारी, आम्ही बाकीचे सगळं खातो. भाऊ रोज संध्याकाळी येणार, म्हणजे सहा माणसांना एकत्र बसायला जागा हवी. नाहीतर कुटुंब भेटायला म्हणून लंडनला जायचं आणि दोन खोल्यांत दोन टोळकी करून बसायचं, असं व्हायचं.

ही यादी समोर ठेवल्यावर तीन गोष्टी पक्क्या झाल्या. लिफ्ट हवी, छोटं का होईना स्वयंपाकघर हवं, आणि जवळच्या स्टेशनात जिना नको. तारे यात कुठेच आले नाहीत.

पाहिलेले पर्याय

पहिला पर्याय, विमानतळाजवळचं हॉटेल. ग्रुप टूरवाले पुष्कळदा शहराबाहेर उतरवतात, कारण तिथे दर कमी असतो. हीथ्रोजवळ दोन खोल्या मिळून रात्रीला दीडशे पौंडांत मिळत होत्या. शहरात आम्हाला जे आवडलं ते सव्वादोनशेला. फरक रोजचा पंचाहत्तर, सात रात्रींचे सव्वापाचशे पौंड. एका पौंडाला शंभराच्या वर रुपये मोजायचे म्हटल्यावर बाबांनी चष्मा काढून ठेवला.

पण लंडनच्या प्रवासाचं भाडं झोनवर ठरतं. मध्यभाग पहिला झोन, तिथून बाहेर बाहेर नंबर वाढत जातात, आणि हीथ्रो सहाव्या झोनमध्ये. दिवसभरात कितीही फिरा, एका मर्यादेपुढे पैसे कापत नाहीत. ही मर्यादा पहिल्या-दुसऱ्या झोनपुरती फिरणाऱ्याला बरीच कमी आणि सहाव्यातून ये-जा करणाऱ्याला जवळपास दुप्पट. माणशी रोज सुमारे सात पौंडांचा फरक. चार मोठ्या माणसांचे सात दिवसांचे झाले दोनशेच्या आसपास. अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर फुकट, म्हणून लेक हिशेबात नाही. उरले सव्वातीनशे. पाच जणांचा हॉटेलातला नाश्ता रोज पन्नास पौंडांच्या घरात जातो, तो स्वयंपाकघर असलं की वाचतो. म्हणजे स्वस्त हॉटेल शेवटी स्वस्त राहत नव्हतं. वर रोजचा दीड तास गाडीत. आईला दुपारी खोलीवर येऊन तासभर पाय पसरायचे असतील तर तेही अशक्य. हा कागद बाबांनी दोनदा तपासला आणि ‘ठीक’ म्हणाले.

दुसरा पर्याय, ब्लूम्सबरी किंवा पॅडिंग्टनकडची जुनी छोटी हॉटेलं. फोटोत फार गोड दिसतात. पांढरे खांब, खिडकीत फुलं, ब्रिटिश म्युझियम चालत जाण्याजोगं. पण ही दीड-दोनशे वर्षांपूर्वीची राहती घरं. जिने अरुंद आणि चढे. पुष्कळशा इमारती वारसा म्हणून संरक्षित, त्यामुळे लिफ्ट बसवणं सोपं नाही. ‘लोअर ग्राउंड फ्लोअर’ असं लिहिलेलं असेल तर ते आपल्या भाषेत तळघर. खिडकी असते, पण तिच्यासमोर भिंत. दर कमी का, हे तिथे कळतं. दोघंच तरुण असाल तर जरूर राहा, आम्हाला ते जमणारं नव्हतं.

तिसरा पर्याय मला मनापासून आवडला होता. फिट्झरॉय स्क्वेअरजवळची इंडियन वाय.एम.सी.ए. १९२० साली भारतीय विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेली ही संस्था, आताची इमारत १९५० च्या दशकातली. अगदी मध्यवस्तीत, आणि खालच्या कँटीनमध्ये वरण, भात, भाजी. कित्येक भारतीयांची लंडनमधली पहिली रात्र तिथे गेली आहे. पण आम्हाला एकत्र स्वयंपाकघर आणि बसायची खोली हवी होती, म्हणून ती सोडली. एकटे शिकायला किंवा कामाला जाणार असाल तर ती यादीत वर ठेवा.

चौथा पर्याय, विद्यापीठांची वसतिगृहं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं घरी गेली की लंडनमधली बरीच विद्यापीठं खोल्या पर्यटकांना देतात. स्वच्छ, मोक्याच्या जागी, दर बरे. खोल्या मात्र बहुतेक एकेकट्याच्या. आई-बाबांना वेगवेगळ्या खोल्यांत झोपवणं काही मला धजेना.

पाचवा, भारतीय वस्तीतलं हॉटेल. वेम्बली, हॅरो, साउथॉल. वेम्बलीच्या ईलिंग रोडवर गुजराती ऐकत ऐकत चालता येतं, ढोकळा, खांडवी, सगळं मिळतं. ‘मग वडोदऱ्यालाच राहू की,’ असं नवरा म्हणाला आणि तो पर्याय तिथेच संपला.

एलिझाबेथ लाइनचा धागा

उलगडा झाला तो नकाशातून. लंडनच्या भुयारी रेल्वेची २७२ स्टेशनं. त्यातल्या साधारण एक तृतीयांश स्टेशनांतच रस्त्यापासून फलाटापर्यंत जिन्याशिवाय जाता येतं. तिथल्या वाहतूक खात्याचा ‘स्टेप-फ्री’ नकाशा वेगळा मिळतो. ज्या स्टेशनावर निळं वर्तुळ, तिथे रस्त्यापासून थेट गाडीत पाऊल टाकता येतं. पांढरं वर्तुळ म्हणजे फलाटापर्यंत ठीक, पण गाडीत चढताना पायरी किंवा फट असू शकते. तो नकाशा मी छापून भिंतीला लावला.

२०२२ साली सुरू झालेली एलिझाबेथ लाइन हीथ्रोपासून शहराच्या पोटातून पूर्वेकडे जाते आणि तिच्या प्रत्येक स्टेशनात लिफ्ट आहे. म्हणजे या एका रेघेजवळ कुठेही उतरलं की आईचा प्रश्न सुटला. मग मी त्या रेघेवर बोट ठेवून एकेक स्टेशन तपासत गेले. पॅडिंग्टन, बाँड स्ट्रीट, टॉटनहॅम कोर्ट रोड, सगळे दर आवाक्याबाहेर. फॅरिंगडन, लिव्हरपूल स्ट्रीट, हा ऑफिसांचा भाग, शनिवार-रविवारी स्वस्त आणि सोमवारपासून महाग. पुढचं स्टेशन व्हाइटचॅपल. तिथे स्टेशनापासून आठ मिनिटांवर दोन झोपायच्या खोल्या, बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर असलेलं हॉटेल-अपार्टमेंट मिळालं. लिफ्ट, चोवीस तास स्वागतकक्ष, आणि चार दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर पैसे परत. मी बुकिंग केलं आणि घरच्या ग्रुपवर टाकलं.

‘एरिया कसा आहे?’

तासाभरात आत्याचा फोन. ‘अगं, तो बांगलादेशी लोकांचा एरिया आहे म्हणे. मोठी मशीद आहे तिथे. दुसरीकडे बघ ना.’ तिच्या मैत्रिणीच्या मुलाने सांगितलं होतं. मग मामा. मग बाबांनीही सावकाश विषय काढला, ‘रद्द केलं तर पैसे परत मिळतात ना, मग चार ठिकाणी अजून बघू.’

‘एरिया कसा आहे’ या प्रश्नाचा अर्थ वडोदऱ्यात राहणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. घर घेताना, भाड्याने देताना, तो प्रश्न म्हणजे पाणी येतं का, रस्ता बरा आहे का, एवढाच नसतो. तिथे कोण राहतं, हे विचारायचं असतं. आमच्या स्वतःच्या सोसायटीत भाडेकरूचं आडनाव आधी विचारतात, नोकरी नंतर.

मी पोलिसांचे आकडे शोधले, राहून गेलेल्यांचे अभिप्राय वाचले. गजबजलेला भाग, मोबाईल सांभाळा, रात्री उशिरा मुख्य रस्त्यानेच या, असं होतं. मोठ्या शहरात कुठेही असतं तसं. बाबांना ते वाचून दाखवलं. ते गप्प राहिले, पण चेहरा तोच.

तेव्हा आई बोलली. आई निवृत्त शिक्षिका, फार वाद घालत नाही. ती म्हणाली, ‘आपल्या गावात एकदा लंडनहून आलेल्या माणसाला कोणी खोली दिली नव्हती. आणि आपण लंडनमध्ये शेजारी कोण म्हणून विचारतोय.’

कमाटीबागेतली दुपार

गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, तरी पुन्हा सांगते, कारण ती राहण्याच्या जागेचीच गोष्ट आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंडांवर, बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ ला लंडनला आले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट ठेवून परतले आणि करारानुसार नोकरीसाठी वडोदऱ्याला आले.

स्टेशनवर उतरल्यावर त्यांच्यापुढे पहिला प्रश्न हाच, उतरायचं कुठे? हिंदूंच्या खानावळी होत्या, त्यांना तेव्हा इकडे ‘विशी’ म्हणत. तिथे प्रवेश मिळणार नाही हे त्यांना माहीत होतं. टांगेवाल्याने एका पारशी धर्मशाळेचं नाव सुचवलं. ती फक्त पारशांसाठी. त्यांनी स्वतःच तोड काढली, वहीत पारशी नाव लिहितो. वरच्या मजल्यावरची एकाकी खोली, उजेडाचा पत्ता नाही. तिथे ते राहिले. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेऊन दहा-बारा माणसं दारात उभी राहिली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेली.

गावात दोन मित्र होते. एकाने सांगितलं, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा म्हणाला, बायकोला विचारावं लागेल. मग मुंबईची रात्रीची गाडी येईपर्यंत ते कमाटीबागेत बसून राहिले. हे सगळं त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात लिहून ठेवलं आहे. न्यूयॉर्कमध्ये, लंडनमध्ये राहून आलेल्या माणसाला, ज्या महाराजांनी त्यांना शिकायला पाठवलं त्यांच्याच राजधानीत, पैसे देऊनही एक खोली मिळाली नाही. कमाटीबाग म्हणजे आपली सयाजीबाग. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि दर २३ सप्टेंबरला तिथे दूरदूरहून माणसं येतात.

आईचं बोलणं झाल्यावर बाबा उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, ‘राहू दे तेच. गोळ्यांचा डबा मात्र माझ्या बॅगेत ठेव, तुझ्या नको.’

व्हाइटचॅपलचे सात दिवस

हीथ्रोहून पाऊण तासाच्या आत गाडीने व्हाइटचॅपलला पोचलो. एकही पायरी न चढता आई लिफ्टने वर आली. स्टेशनची पाटी इंग्रजीबरोबर बंगाली लिपीतही आहे, २०२२ पासून. बाहेर पडल्यावर समोरच बाजार. भेंडी, कारली, दुधी, हिरव्या मिरच्या, कोथिंबिरीच्या जुड्या. आईने हॉटेलवर जायच्या आधी कोथिंबीर घेतली. भाजीवाला सिल्हेटकडचा. त्याला इंग्रजी बेताचं, आईला बंगाली येत नाही, पण ‘कोथमीर’, ‘धनिया’ करत भाव झाला. दुसऱ्या दिवसापासून तो आईला ‘आपा’ म्हणून हाक मारू लागला.

मुख्य रस्त्यावरून २०५ नंबरची बस जाते. लिव्हरपूल स्ट्रीट, किंग्ज क्रॉस, यूस्टन, बेकर स्ट्रीट करत थेट पॅडिंग्टन. लंडनच्या बसना जमिनीलगतचा दरवाजा असतो, त्यामुळे आईला भुयारापेक्षा बसच आवडली. वरच्या मजल्यावर पहिल्या बाकावर बाबा आणि लेक, खाली आई आणि मी. यूस्टनला उतरलं की ड्रमंड स्ट्रीट, तिथे शाकाहारी भेळ-डोशाची जुनी वस्ती. शेव-उसळीची सर नाही, पण बाबांनी तक्रार केली नाही.

पहाटे साडेचारला बाबा उठून स्वतः चहा करायचे. जुलैत लंडनला तेव्हाच उजाडायला लागतं. संध्याकाळी भाऊ यायचा, मुगाची खिचडी नाहीतर भाजी-पोळी, आणि जगदीशची भाकरवडी. पदवीदानाच्या आदल्या रात्री आम्ही सहा जण त्या लहानशा टेबलाभोवती बसलो होतो, भावाचा भाड्याने आणलेला काळा झगा खुर्चीवर ठेवलेला. दोन वेगळ्या हॉटेल-खोल्यांत हे झालं नसतं.

फिरता फिरता त्या भागाची ओळख झाली. जवळच ब्रिक लेनवर एक इमारत आहे. १७४३ साली फ्रान्समधून छळामुळे पळून आलेल्या प्रोटेस्टंटांनी चर्च म्हणून बांधली, पुढे मेथडिस्टांची झाली, १८९८ मध्ये ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आणि १९७६ पासून मशीद. जे जे नवे लोक शहरात आले ते आधी इथे उतरले. त्यांचं स्वागत झालं असंही नाही. व्हाइटचॅपल रोडवर अल्ताब अली पार्क आहे. हा कपड्याच्या कारखान्यात काम करणारा बांगलादेशी तरुण. ४ मे १९७८ रोजी कामावरून घरी जाताना वंशद्वेषातून त्याचा इथे खून झाला. तिथल्या बाकावर बाबा बराच वेळ बसले होते.

थोडं पुढे ओल्डगेटला पूर्वी आयांचं वसतिगृह होतं, नंतर ते हॅक्नीला हललं. इंग्रज कुटुंबं बोटीवर मुलं सांभाळायला हिंदुस्थानातून आया घेऊन यायची, आणि इथे पोचल्यावर काही जणींना परतीचं तिकीटही न देता सोडून द्यायची. त्यांच्यासाठी ती जागा. हॅक्नीच्या त्या घरावर २०२२ मध्ये निळी पाटी लागली. इंडिया हाउसची गोष्टही काहीशी अशीच. १९०५ साली श्यामजी कृष्णवर्मांनी हायगेटला हिंदी विद्यार्थ्यांसाठी ते वसतिगृह काढलं, त्यामागे राजकारण होतंच, पण मुलांना राहायला जागा मिळत नाही ही रोजची अडचणही होती. सावरकर तिथेच राहिले. आणि त्याआधी, १८८८ मध्ये, गांधीजी लंडनला आल्यावर व्हिक्टोरिया हॉटेलात उतरले होते. तीन पौंडांचं बिल बघून हबकले आणि भाड्याची खोली शोधायला निघाले, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे. बाबांना ही गोष्ट फारच पटली.

दहा, किंग हेन्रीज रोड

शेवटच्या दिवसाआधी आईने सांगितलं, मला आंबेडकरांचं घर बघायचंय. प्रिम्रोझ हिलजवळ, किंग हेन्रीज रोडवर दहा नंबरचं घर. १९२० मध्ये बाबासाहेब अभ्यास पुरा करायला पुन्हा लंडनला आले, तेव्हा १९२१-२२ मध्ये ते इथे राहिले. इथून ब्रिटिश म्युझियमचं वाचनालय साधारण चार किलोमीटर. रात्री भूक लागली की पापड भाजून त्यावर कपभर दूध घ्यायचं आणि पुन्हा वाचत बसायचं, असं चरित्रकार सांगतात.

२०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने हे घर विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं. मात्र राहत्या वस्तीत संग्रहालय चालवायला परवानगी लागते. काही शेजाऱ्यांनी हरकत घेतली, कॅम्डन कौन्सिलने परवानगी नाकारली, प्रकरण चौकशीपर्यंत गेलं आणि अखेर मार्च २०२० मध्ये सरकारने परवानगी दिली. म्हणजे या माणसाच्या वाट्याला राहण्याच्या जागेचा वाद मृत्यूनंतरही चुकला नाही.

आई तळमजल्यावरच थांबली, आम्ही वर जाऊन आलो. साधी पलंग-टेबलाची खोली, पुस्तकं. लेकीने विचारलं, ‘त्यांना इथे खोटं नाव सांगावं लागलं होतं का?’ आम्ही नाही म्हणालो. ती म्हणाली, ‘मग आपल्याकडे का?’ बाबा तिला घेऊन प्रिम्रोझ हिलवर गेले आणि त्यांनी तिला काहीतरी सांगितलं. काय ते दोघांनीही आम्हाला सांगितलेलं नाही.

निघण्याआधी

आता थोडं कामाचं.

व्हिसाच्या अर्जात कुठे राहणार ते लिहावं लागतं, पण मंजुरी येईपर्यंत परत न मिळणारे पैसे भरू नका. रद्द करता येणारंच बुकिंग घ्या, दहा-पंधरा पौंड जास्त पडले तरी.

‘डबल’ म्हणजे एक मोठा पलंग, ‘ट्विन’ म्हणजे दोन वेगळे. आई-बाबांसाठी काय हवं ते त्यांनाच विचारा.

न्हाणीघराचा फोटो नीट बघा. पुष्कळ ठिकाणी टबमध्ये चढून शॉवर घ्यावा लागतो, गुडघेदुखीवाल्यांना ते धोक्याचं. ‘वॉक-इन शॉवर’ मागून घ्या. आणि बॅगेत एक प्लॅस्टिकचा मग टाका, कारण तुम्हाला माहीतच आहे.

जुलैत लंडनही तापतं आणि पुष्कळ खोल्यांत एसी नसतो. पंखा मिळेल का, खिडकी उघडते का, हे विचारा.

थेपले, भाकरवडी, चिवडा न्या. दुधाचे पदार्थ आणि मांस भारतातून तिकडे नेता येत नाही, त्यामुळे पेढे घरीच वाटून टाका.

आणि शेवटचं. बुकिंग करण्याआधी हॉटेलला चार ओळींची ईमेल लिहा. आमच्याबरोबर सत्तरीचे आई-बाबा आहेत, लिफ्ट रोज चालते का, स्टेशनपासून रस्ता सपाट आहे का, पहाटे पोचलो तर सामान ठेवता येईल का. उत्तर किती लवकर आणि किती आपलेपणाने येतं यावरून तिथली माणसं कशी आहेत ते बरंच कळतं. व्हाइटचॅपलहून मला तीन तासांत उत्तर आलं होतं, आणि त्यात एक वाक्य होतं की गुडघे दुखत असतील तर लिफ्टजवळची खोली राखून ठेवतो. खाली नाव होतं, आडनाव नव्हतं. मीही विचारलं नाही.